चौथ्या पायरीवरचा चष्मा

तपास समितीच्या तिसऱ्या बैठकीत आत्यांनी पहिला हुकूम सोडला तो बिस्किटांबद्दल. पुरावा टेबलावर असताना टेबलावर चुरा सांडता कामा नये.

"मग ताटली ठेवू कुठे?" वहिनींनी विचारलं.

"मांडीवर घ्या."

वहिनींनी ताटली मांडीवर घेतली आणि एक बिस्कीट तोंडात टाकलं. समितीत माणसं दोनच. आत्या अध्यक्ष, आणि बाकी सगळं वहिनी. भाजीत मीठ किती, इथपासून दादांचा स्वभाव कुणी बिघडवला, इथपर्यंत या नणंद-भावजयींचं एका गोष्टीवर एकमत झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. आणि आत्यांचे भाऊ, वहिनींचे यजमान दादा, गेल्यापासून बत्तीस दिवस दोघी एकाच वहीत डोकं घालून बसत होत्या. दादांनी हे पाहिलं असतं तर त्यांनी आधी स्वतःचा चष्मा पुसला असता, आणि मग दोघींचे डोळे तपासायला घेतले असते.

रविवार असल्यामुळे दुकान बंद होतं, शटर गुडघ्यापर्यंत उघडं. लांबट, अरुंद खोली. दोन्ही भिंतींवर रिकाम्या फ्रेमी ओळीनं लावलेल्या, म्हणजे आत बसणाऱ्याला सतत कुणीतरी बघतंय असं वाटायचं. टोकाला मोठ्याकडून बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. तक्त्याच्या बाजूनं सात लाकडी पायऱ्या माळ्यावर जात होत्या, तिथे भिंगं घासायचं यंत्र. खाली थोरला मुलगा गिऱ्हाइकांचे नंबर काढायचा, वर धाकटा भिंगं घासायचा, आणि दादा वर-खाली करत दोघांच्या चुका काढायचे. महिनाभर यंत्र बंद होतं. पायऱ्या चढायची वेळ आलीच तर घरातला प्रत्येक जण तिसरीवरून थेट पाचवीवर पाय टाकायचा.

"वाचा वही," आत्या म्हणाल्या. "तुम्हीच वाचा. माझं लक्ष आवाजाकडे असतं."

हे खरंच होतं. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढलेल्या आत्या 'हॅलो'वरून माणसाचं खोटं ओळखायच्या. म्हणून समितीची वाटणी सोपी होती: कान आत्यांचे, डोळे वहिनींचे.

वहिनींनी घसा साफ केला. "साडेचारला मी चहा घेऊन आले. हे चौथ्या पायरीवर. डोकं भिंतीला टेकलेलं. कपाळाला टेंगूळ. स्वतःचा चष्मा खिशात, आणि नाकावर हा, टेबलावरच्या पाकिटातला. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. थोरला म्हणाला, मी काही म्हणत नाही."

'मी काही म्हणत नाही' हे वाक्य थोरला दिवसातून दहा वेळा म्हणे आणि त्यातच त्याचं सगळं म्हणून होई. त्याचा मुद्दा असा: शेवटी बाबांबरोबर होता धाकटा. त्याचा चढलेला आवाज शेजारच्या सलूनवाल्यानं ऐकला, चारच्या सुमारास त्याला तरातरा बाहेर पडताना पाहिलं. अर्ध्या तासात बाबा गेले. भांडण कशावरून, हे धाकटा सांगत नाही. हृदय थांबलं, कबूल. पण ते थांबवलं कुणी? आणि कपाळावर टेंगूळ कसलं?

दुकानाचं काय करायचं याचा कुठलाही कागद मागे सापडला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी वकील येणार होते. दुकान विकायचं, अर्धं अर्धं घ्यायचं, आणि पुन्हा एकमेकांच्या दारात उभं राहायचं नाही, असा थोरल्याचा प्रस्ताव होता. धाकट्यानं भांडायला हवं होतं. भिंगं घासण्यावाचून त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि आवडतही नव्हतं. पण तो खाली मान घालून "करतो सही" म्हणाला, आणि त्या दोन शब्दांनी आत्यांची झोप उडाली. निर्दोष माणूस इतक्या लवकर सही करत नाही, हे त्यांना एक्स्चेंजमध्ये न बसताही कळलं असतं.

थोडक्यात, सकाळपर्यंत काही सापडलं नाही तर दुकान जाणार होतं, आणि त्याबरोबर दोन भाऊही.

"बोलवा दोघांना," आत्या म्हणाल्या. "आणि सूनबाईला म्हणावं, चहा आण."

वहिनी आत गेल्या, तशी आत्यांनी पर्स उघडली.

त्यांनी एक घडी घातलेला कागद काढला आणि शटरखालून येणाऱ्या उजेडात धरला. आधी हात लांब केला. मग आणखी लांब केला. अक्षरं मुंग्यांसारखी इकडून तिकडे पळाली.

हा कागद दादांनी जायच्या आदल्या महिन्यात त्यांच्या हातात ठेवला होता. "दुकानाचं लिहिलंय. वाच. चुकलं असेल तर खालून हाक मार, मी वर आहे." लहानपणापासूनची त्यांची रीत होती ती. दादा माळ्यावर बसून निबंध लिहायचे आणि खाली टाकायचे, धाकटी बहीण वाचून खालून ओरडायची, "दादा, चुकलंय!" या वेळी मात्र बहिणीनं कागदाकडे योग्य तेवढा वेळ पाहिलं, मान हलवली आणि म्हणाली, "बरोबर आहे."

"सगळं?"

"अगदी सगळं."

"तिसरी ओळ?"

"तिसरी ओळ तर फारच छान."

दादा वरून खो-खो हसले होते. "मग राहू दे तुझ्याकडेच," म्हणाले.

अडुसष्टाव्या वर्षी चष्म्याशिवाय सगळं दिसतं, अशी आत्यांची ख्याती होती. चष्म्याच्या दुकानात वाढलेल्या मुलीनं एवढी तरी ऐट करावी की नाही? ती ऐट आता गळ्यात अडकली होती. कागद धाकट्याच्या बाजूचा असेल तर लपवून त्या त्याचंच नुकसान करत होत्या. थोरल्याच्या बाजूचा असेल तर दाखवून धाकट्याचा सत्यानाश करणार होत्या. काय ते कळायला वाचायला हवं होतं. आणि कुणाकडून वाचून घ्यावा तर दादांच्या शेवटच्या प्रश्नाला बहिणीनं धडधडीत खोटं उत्तर दिलं, हे घरभर होणार होतं. रोज त्या ठरवायच्या, आज सांगायचं. रोज कागद परत पर्समध्ये जायचा. आज त्यांनी तो पर्समध्ये टाकला, पण चेन लावली नाही. तेवढीच प्रगती.

थोरला आला तो हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन, धाकटा त्याच्या मागून चार हात अंतर ठेवून. थोरला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला, धाकटा तक्त्याखाली उभा राहिला.

"आत्या, हा खेळ किती दिवस चालायचा?" थोरला म्हणाला.

"आजच संपेल. तू सांग, त्या दिवशी बाबांशी शेवटचं कधी बोललास?"

"सकाळी. दुपारी मी बाहेर होतो, माल आणायला."

"आणि दुपारी फोन?"

"नाही."

आत्यांनी डोळे मिटले. "परत म्हण."

"नाही म्हटलं ना!"

"तुझ्या खऱ्या 'नाही'ला मागे-पुढे काही नसतं. या 'नाही'च्या आधी एक श्वास आहे. चौथीत तू दप्तर हरवलंस तेव्हाही होता."

थोरला किल्ल्या मोजू लागला. सगळ्यांना त्या पाचच आहेत हे माहीत होतं, तरी त्यानं दोनदा मोजल्या.

"आला होता," तो म्हणाला. "तीन वेळा आला होता. मी उचलला नाही. मला वाटलं, परत याच्याबद्दलच बोलतील. याला सांभाळून घे, याला असं बोलू नकोस. मी फोन खिशात टाकला आणि वाजू दिला." त्याचा आवाज चिरकला. "त्यांच्या छातीत दुखत असेल आणि ते मला बोलावत असतील. माझा मुलगा उचलेल म्हणून तीनदा. आत्या, मला ती पायरी रोज ओलांडवत नाही गं. विकून टाकू या हे सगळं."

धाकट्यानं पहिल्यांदा मान वर करून भावाकडे पाहिलं. महिनाभर तो या माणसाला घाबरत होता आणि तो माणूस तर रडत होता.

"किती वाजता आले फोन?" वहिनींनी विचारलं.

थोरल्यानं फोन काढला. नोंद त्यानं पुसली नव्हती. "चार पाच, चार सात, चार दहा."

"मला सव्वाचारला आला." वहिनींनी वही उलटी करून मागच्या पानावर लिहायला घेतलं. "म्हणजे तुझ्यानंतर. आणि मला म्हणाले, चहा टाक, साखर घालायला विसरलीस तर तसाच परत पाठवीन. छातीत दुखणारा माणूस साखरेचं बोलेल का रे? ते तुला रोजच तीन-तीनदा फोन करायचे, किती वाजता येतोस विचारायला. विचारलेलं विसरायचे आणि परत करायचे."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस, आई?"

"तू फोनचं कुठे सांगितलंस? तू तर काहीच म्हणत नव्हतास."

वहिनी पुढे म्हणाल्या, "शिवाय म्हणाले, तिलाही बोलाव. म्हणून मी सूनबाईला हाक मारली."

"हो, आणि बाबांचं माझ्याशी काय काम, हे विचारलं तर तुम्हालाही सांगता आलं नाही," चहाची किटली घेऊन आलेली सूनबाई म्हणाली. ही थोरल्याची बायको. शाळेत गणित शिकवायची आणि कुठलंही वाक्य अर्धवट सोडायची नाही.

"लिहून ठेवा," आत्या म्हणाल्या. "आता तू."

धाकटा तक्त्याला टेकला. त्याच्या डोक्यामागे सगळ्यात मोठं अक्षर आलं.

"भांडलो," तो म्हणाला. "ओरडलो. खोटं नाही."

"कशावरून?"

"चालून बघण्यावरून."

थोरल्याची मान झटकन वळली. या दुकानाची ती आजोबांपासूनची पद्धत होती. चष्मा तयार झाला की करणाऱ्यानं तो स्वतःच्या नाकावर चढवायचा, डोळे मिटायचे, कारण नंबर आपला नसतो, आणि कठड्याला धरून सातही पायऱ्या चढायच्या. वर जाऊन एकदा खाली वाकायचं, जसं काही पडलेलं उचलतोय. फ्रेम घसरली, कानामागे टोचली, नाकावर रुतली तर चष्मा परत टेबलावर. 'जिन्यावर घसरतो तो बाजारात पाडतो,' असं आजोबा म्हणायचे. पण तीन वर्षांपूर्वी दादांचा गुडघा मुरगळला, तेव्हा दोन्ही मुलांनी त्यांच्याकडून शब्द घेतला होता की हे चालून बघणं कायमचं बंद.

"मी माळ्यावरून खाली आलो तर बाबा पहिल्या पायरीवर डोळे मिटून उभे. नाकावर हा चष्मा. मी म्हटलं, शब्द दिलाय तुम्ही. तर म्हणे, हा एकच. मी म्हटलं, मी चढतो, द्या इकडे. तर म्हणे, याच्यावर हात माझाच पाहिजे. गेले दोन आठवडे भिंग घासताना माझ्यापासून लपवत होते. कुणाचा आहे विचारलं तर म्हणे, आहे एक लबाड गिऱ्हाईक, कित्येक वर्षं मला फसवतंय."

"कोण हे लबाड?" आत्या ताठ बसल्या. "शोधलंच पाहिजे!"

"मी चिडलो. म्हटलं, पडा मग, मरा, मला काय! असंच म्हणालो. आणि निघून गेलो." धाकट्यानं मनगटानं नाक पुसलं. "मला फक्त हात धरायचा होता त्यांचा. पाच मिनिटं लागली असती. मी गेलो, आणि ते पडले. हा म्हणतो ते बरोबरच आहे. मीच मारलं."

"मी असं कधी म्हणालो?" थोरला म्हणाला.

"म्हणाला नाहीस. तेच तर."

वहिनींनी ताटली खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत असल्यासारखे भाव होते. ओट्यावर ठेवलेली वस्तू जागेवर नसली की त्या असंच बघायच्या.

"पडले?" त्या म्हणाल्या. "जा बरं, बस तिथे. चौथ्या पायरीवर."

"आई, नको."

"बस म्हणते ना."

धाकटा तीन पायऱ्या चढला, क्षणभर थांबला आणि चौथीवर टेकला. वहिनी उठून त्याच्यासमोर गेल्या. त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून त्यांनी भिंतीला टेकवलं, हात मांडीवर ठेवले, एक पाय जरा पुढे ओढला. चित्र काढणाऱ्या माणसासारख्या त्या मागे सरकून बघू लागल्या.

"असंच. पण नाही. असं नाही. आधी रुमाल..."

त्यांनी धाकट्याशेजारच्या लाकडावर हात ठेवला.

"कसला रुमाल, वहिनी?" आत्यांच्या कानाला त्या आवाजात काहीतरी वेगळं लागलं.

"यांच्या खाली रुमाल होता. चौघडी घातलेला. मी ओढून काढला आणि त्यानंच त्यांचं तोंड पुसलं. दुसऱ्या दिवशी धुतला, इस्त्री केली, कपाटात ठेवला. वन्सं, हे बागेतल्या बाकावरसुद्धा रुमाल पसरल्याशिवाय बसायचे नाहीत. पण पडणारा माणूस..."

"पडणारा माणूस आधी रुमाल पसरत नाही," सूनबाईनं वाक्य पूर्ण केलं.

"आणि चष्मा फुटलेला नाही," थोरला हळूच म्हणाला. तो खुर्चीतून उठला होता. "नाकावरून हललासुद्धा नव्हता. मी महिनाभर तो हातात घेऊन नंबर मोजतोय. जवळचा नंबर, एक डोळा तीन, एक साडेतीन. वहीत अशी एकही ऑर्डर नाही म्हणून डोकं फोडतोय. पण तो फुटला कसा नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही."

"आणि टेंगूळ?" आत्यांनी विचारलं.

"ते सकाळचं. भिंगांच्या कपाटाचं दार लागलं होतं. मीच गार पाण्याची पट्टी ठेवली."

"वहिनी! बत्तीस दिवस त्या टेंगळावर आपण दोन पानं लिहिली आहेत!"

"तुम्ही सांगितलंत, प्रेताचं वर्णन लिहा. मी लिहिलं. टेंगूळ कधीचं, हे कुणी विचारलंच नाही."

आधी सूनबाई हसली. मग वहिनींना स्वतःलाच हसू आलं, आणि हसता हसता त्या पायरीवर धाकट्याच्या शेजारी बसून रडू लागल्या. बरं वाटेनासं झालं, म्हणून रुमाल पसरून बसले. चहाची वाट बघत बसले असतील. कुणी ढकललं नाही, कुणी पाडलं नाही. महिनाभर या घरात खुनी दोन होते आणि खून एकही नव्हता. तिसरी एक गुन्हेगार आपली पर्स पोटाशी धरून बसली होती, पण तिचा नंबर अजून यायचा होता.

थोरला जिन्यापाशी जाऊन उभा राहिला. "मी काही म्हणत..." त्यानं सुरुवात केली.

"म्हण की एकदा," धाकटा म्हणाला.

"चुकलो."

"मी पण."

यापेक्षा जास्त बोलायची या घरातल्या पुरुषांना सवय नव्हती. थोरल्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो किल्ल्यांसकट ठेवला, त्यामुळे धाकट्याला चांगलाच लागला. पण तो हलला नाही.

"पण मग हा चष्मा कुणाचा?" चहा ओतता ओतता सूनबाई म्हणाली. "बाबांनी दिलेला शब्द मोडला, तो कुणासाठी? ज्याच्यासाठी मोडला, त्याला द्यायला तर हवा."

आता प्रश्न साधा राहिला होता, आणि चहाही होता. सगळ्यांचे चेहरे उजळले. चष्मा पाकिटातून बाहेर आला: बारीक सोनेरी काड्यांचा, हलका, आणि एका बाजूनं विचित्र. थोरल्यानं तो सपाट टेबलावर ठेवला. उजवी काडी टेबलाला टेकली, डावीचं टोक अधांतरी.

"ही काडी वाकलेली आहे. मला वाटलं, त्या दिवशीच्या गडबडीत वाकली. पण नाही, ही मुद्दाम तापवून वाकवलीय. बाबांचा हात आहे. डावा कान उजव्यापेक्षा वर असलेलं कुणीतरी."

मग जे झालं ते दादांनी बघायला हवं होतं. सूनबाईनं चष्मा घातला, तर तो तिच्या डाव्या भुवईखाली लटकला. वहिनींच्या नाकावर तो एकीकडे कलला. धाकट्यानं घातला आणि आरशात बघून म्हणाला, "मी वकील वाटतोय." थोरल्यानं घातला, पण तो त्याच्या कानांना पुरेना. शटरखालून सलूनवाल्याची पांढरी कुत्री डोकावली, तेव्हा सूनबाई तिच्यावरही प्रयोग करायच्या बेतात होती.

"शेजारच्या इमारतीतल्या लोकांची यादी करा," आत्या म्हणाल्या. "लबाड गिऱ्हाईक, जवळचा नंबर, वाकडे कान. वहिनी, लिहा."

"आत्या," सूनबाई म्हणाली, "तुम्ही राहिलात."

"मला काय करायचाय? मला सगळं दिसतं."

या वेळी 'सगळं दिसतं'च्या आधी एक श्वास होता. तो सगळ्यांना ऐकू आला. थोरल्यानं चष्मा उचलला आणि आत्यांच्या समोर गुडघ्यावर बसला. नाकासमोर पट्टी धरून त्यानं दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजलं. लहानपणी आत्या त्याला शाळेसाठी तयार करायच्या, तेव्हा त्या अशाच बसायच्या. मग त्यानं त्यांच्या कानावरचे पांढरे केस मागे सारले आणि चष्मा चढवला.

तो सरळ बसला. केसभरसुद्धा कलला नाही.

"काखेत कळसा," वहिनी पुटपुटल्या.

आत्यांना आधी स्वतःच्या हातावरच्या रेषा दिसल्या. मग समोरच्या उघड्या वहीतलं वहिनींचं अक्षर दिसलं, आणि ते इतकं सुंदर असेल हे त्यांना माहीतच नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला वाचता येत नव्हतं?" वहिनी म्हणाल्या. "मग पेपर, पत्रं, औषधांच्या बाटल्या, सगळं माझ्याकडून वाचून घेत होतात ते? मला वाटायचं, माझा आवाज आवडतो."

"तोही आवडतो, वहिनी," आत्या म्हणाल्या. आणि तेवढ्यातच त्यांचा बांध फुटला. "तो दर रविवारी माझ्या हातात काहीतरी द्यायचा. बसचं तिकीट. बाटली. 'हे काय लिहिलंय बघ गं.' मी प्रत्येक वेळी टाळलं. मला वाटायचं, मी त्याला चकवतेय. तो माझे डोळे तपासत होता! माझ्यावर नजर ठेवून होता इतकी वर्षं, आणि मी इथे गुप्तहेर होऊन बसलेय. माझ्या ऐटीपायी तो जिना चढला."

"रुमाल पसरून बसले, वन्सं," वहिनी ठामपणे म्हणाल्या. "चहा सांगितला होता आणि तुम्हाला बोलवायला सांगितलं होतं. मीच चुकून सूनबाईला हाक मारली. आनंदात होते. मी आवाज ऐकलाय. आवाजातलं मलाही थोडं कळायला लागलंय आता."

आत्यांनी नाक पुसलं, आणि आपली उघडी पर्स मांडीवर घेतली.

"आणखी एक कबुली आहे," त्या म्हणाल्या.

कागद त्यांनी स्वतःच उघडला. सूनबाईनं हात पुढे केला होता. त्यांनी तो बाजूला सारला. दादांचं अक्षर मुद्दाम बारीक काढलेलं होतं, तक्त्याच्या शेवटच्या ओळीएवढं. आत्या वाचू लागल्या. एक्स्चेंजमधला तो स्पष्ट, सावकाश आवाज खोलीभर पसरला.

"मी, या दुकानाचा मालक, पूर्ण शुद्धीवर लिहितो की माझ्या मागे हे दुकान, आतल्या सगळ्या फ्रेमी, यंत्र आणि आरसा..." त्या थांबल्या, चष्मा नाकावर नीट केला, जरी त्याची गरज नव्हती. "तिसरी ओळ. शेजारच्या सलूनवाल्याच्या कुत्र्याला द्यावा."

धाकट्याच्या हातातला चहा सांडला.

"हे वाचून तू 'बरोबर आहे' म्हणालीस, तर तुला चष्मा लागलाय हे नक्की. आधी संशय होता, आता पुरावा आहे. भांडू नकोस. चष्मा करतोय. पुढचं तो लावून वाच." आत्यांचा आवाज जरा हलला आणि परत जागेवर आला. "दुकान दोघांचं. थोरल्यानं नंबर काढावे, कारण तो सूतभर चुकत नाही. धाकट्यानं भिंगं घासावी, कारण त्याच्या बोटांना दिसतं. उलट कराल तर निम्मं शहर खांबांवर आपटेल. एकाला सोडून दुसऱ्याला दुकान चालवता येणार नाही, हे दोघांना माहीत आहे, म्हणूनच भांडतात. विकायचंच असेल तर आधी वर्षभर रोज एकानं डोळे मिटून जिना चढावा आणि दुसऱ्यानं त्याचा हात धरावा. मग विका. हे दोघांना तू वाचून दाखव. तुझं दोघंही ऐकतात. काही चुकलं असेल तर खालून हाक मार. मी वर आहे."

खाली सही नव्हती. वकिलानं तो कागद बघून हात जोडले असते. पण थोरल्यानं फोन काढला, उद्या यायची गरज नाही, एवढं दोन ओळींत कळवलं आणि फोन टेबलावर उलटा ठेवला.

आत्या उठल्या. कागद हातात घेऊन त्या जिन्यापाशी गेल्या. शटरखाली सलूनवाल्याची कुत्री पंजांवर हनुवटी टेकून पडली होती. आत्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग अंधाऱ्या माळ्याकडे तोंड करून, साठ वर्षांपूर्वी जसं ओरडायच्या तसंच, खणखणीत आवाजात ओरडल्या.

"दादा! चुकलंय!"

वरून उत्तर आलं नाही. यायचं नव्हतंच. पण त्या थोडा वेळ थांबल्या, आणि सगळेच त्यांच्याबरोबर थांबले.

मग थोरला खिशातून पेन काढत त्यांच्या शेजारी आला. "काय चुकलंय, आत्या? दुरुस्त करतो."

"सलूनवाल्याकडे कुत्रा नाही, कुत्री आहे. तेवढं लिही," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी कागद पुन्हा एकदा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, सावकाश डोळ्यांखालून घातला. "बाकी सगळं बरोबर आहे. या वेळी वाचून सांगतेय."